फिश टँकशेजारची खुर्ची

टेक्सासमधल्या शुगर लँड गावातल्या आमच्या छोट्या क्लिनिकमध्ये दोनांऐवजी एकच डॉक्टर उरले आणि डेस्कवरची धावपळ वाढली, तेव्हा फ्रंट डेस्कवर मला शिकवायला एक ट्रेनर येऊ लागल्या. मूळच्या नागपूरच्या, साठीच्या. मी त्यांना मावशी म्हणायचे.

दर मंगळवारी त्या आधी वेटिंग रूममध्ये, फिश टँकशेजारच्या खुर्चीत, अर्धा तास डोळे मिटून बसत. टँकचं निळं पाणी त्यांच्या चेहऱ्यावर हलत असे. मग उठून म्हणत, "आज दहा वाजल्यापासून तू श्वासच नाही घेतला, बाई." ट्रेनिंगचं मॅन्युअल पर्समधून कधी बाहेर आलंच नाही. मला रागच यायचा. इथे फोन थांबत नाहीत, आणि या माझा श्वास ऐकत बसल्यात!

एका मंगळवारी काउंटरसमोर एक अमेरिकन आजी येऊन उभ्या राहिल्या, आणि मी त्यांच्याकडे बघतच म्हणाले, "प्लीज होल्ड." तेव्हा फोनवर कुणीच नव्हतं. आजी बिचाऱ्या थांबल्या.

मावशींनी माझा हेडसेट काढून स्वतःच्या कानाला लावला. "जा, माझ्या खुर्चीत बस."

तिथे फोनची रिंग पाण्याखालून आल्यासारखी येत होती. मावशी प्रत्येकाला सावकाश सांगत होत्या, "टेक युअर टाइम."

शेजारच्या खुर्चीतल्या एका आजोबांनी मला पेशंट समजून हळूच विचारलं, काय होतंय म्हणून. हा प्रश्न दिवसभर मीच सगळ्यांना विचारते. उत्तर द्यायला मला बराच वेळ लागला.

आजोबा थांबले.