यारेलीचं रीतसर लग्न

कोंबड्यांच्या कारखान्यात दोमितिला पूर्वी सुरी चालवायची. आता ती नुसती खोकी जोडते, कारण उजव्या हाताची दोन बोटं वळत नाहीत. दुकानाबाहेर एका लुटारूने तिच्यावर चाकू चालवला होता. बघणारे बरेच होते, पण कागद नसलेली माणसं पोलीस दिसले की पांगतात. कागद दोमितिलाकडेही नव्हते. तरी ती कोर्टात उभी राहिली आणि तेच ताठ बोट रोखून म्हणाली, "हाच तो."

गुन्ह्याला बळी पडून साक्ष देणाऱ्या अशा माणसाला इथे अमेरिकेत राहायचा परवाना मिळू शकतो, आणि त्याच्यामागून त्याच्या मुलांनाही. वकिलाच्या कचेरीतल्या बेरेनिसने अर्ज भरला, तेव्हा यारेली सतरा वर्षांची होती, तिकडे मेक्सिकोत, पुएब्लाच्या डोंगरात आजीजवळ. आईने तिला शेवटची पाहिली ती दुधाचे दात पडायच्या वयात.

"वय वाढलं तरी चालेल, अर्जाच्या दिवशीचं धरतात," बेरेनिस म्हणाली होती. "पण घरात काही घडलं तर आधी मला कळवायचं हं, दोन्या दोमितिला." मोठ्या बाईला ती आदराने 'दोन्या' म्हणायची.

दोमितिला कळवायची. खोली बदलली, आजी गेली, हात पुन्हा सुजला, सगळं कळवलं. वर्षं जात राहिली.

मग यारेलीचा फोन आला. "आई, मी इसाउरोकडे राहायला आलेय. लग्नाचं नंतर बघू."

दोमितिला खवळली. यारेलीचा बाप असाच 'नंतर बघू' म्हणत एक दिवस निघून गेला होता.

"राहू दे की गं पोरांना," शेजारी खोकी जोडणारी चायो हसली. "मला सहा पोरं झाली, माझा म्हातारा अजून विचारच करतोय!"

"तुझं तुझ्यापाशी. माझी पोर रीतसर नांदेल."

रोज फोन करून, रडून, अबोला धरून तिने लग्न लावायला लावलं. वाईट बातमी कळवायची असते. ही तर चांगली होती. ती बेरेनिसला सांगायची हे तिच्या मनातही आलं नाही.

तिचा स्वतःचा परवाना आला, तेव्हा ती मक्याच्या पिठाच्या वाफवलेल्या तमालांचं पातेलं आणि लग्नाचा फोटो घेऊन कचेरीत गेली. बेरेनिस फोटोकडे बघत राहिली.

"दोन्या, हे नुसतं चर्चमधलं ना?"

"छे गं! पाद्री आधी सरकारी दाखला मागतो. दोन्ही झाली."

बेरेनिस खाली बसली. "मुलगी परवाना मिळेपर्यंत बिनलग्नाची हवी. एकत्र राहिली असती तरी चाललं असतं."

"मग मोडू ते लग्न."

बेरेनिस आत वकिलांना विचारून आली. "आता मोडूनही उपयोग नाही," ती म्हणाली. पातेल्याचं झाकण कुणी उघडलंच नाही.

रविवारी यारेलीचा फोन आला. "आई, माझा कधी येणार?"

"नाही येणार, बाळा. लग्न झालेल्या मुलीला देत नाहीत."

पलीकडे कोंबडा आरवला, कुणीतरी दार लोटलं.

"मी म्हटलं होतं ना," यारेली हळूच म्हणाली, "नंतर बघू म्हणून."

आवाजात राग नव्हता.