नाव तेवढं बदललं

मुग्धा मूळची पुण्याची, त्यामुळे तिला प्रत्येक गोष्टीवर मत होतं. कन्नड मुलखातल्या बेळ्ळंदूरच्या ऑफिसात ती सॉफ्टवेअर टेस्टिंग करायची. दुसऱ्याच्या कामातल्या चुका काढायच्या, हे पुणेकराला शिकवावं लागत नाही, तरी तिला त्याचाही वीट आला. चाळिशी समोर दिसायला लागली तेव्हा तिनं राजीनामा दिला आणि एम.ए. करणार म्हणून जाहीर केलं.

"कशात?" शंतनूनं, तिच्या नवऱ्यानं, विचारलं. ते मात्र अजून ठरायचं होतं.

मग घरात कॉलेजांच्या माहितीपत्रकांचा ढीग साठला. मानसशास्त्राला पदवीलाही तोच विषय हवा होता. अर्थशास्त्रात गणित निघालं. इतिहास तिला आवडायचा, पण तिथली सगळी माणसं मेलेली. पब्लिक पॉलिसीच्या माहिती-सत्राला ती गेली, तर वर्गभर पंचविशीच्या आतली पोरं बसलेली आणि त्यातलं एक तिला 'मॅम' म्हणालं, तेव्हा तोही विचार तिनं सोडला. उरली दोन, समाजकार्य आणि समाजशास्त्र. समाजकार्यात वस्तीवर जाऊन काम करावं लागतं, लोकांबरोबर रेशन कार्डाच्या रांगेत उभं राहावं लागतं, हे कळल्यावर तिनं समाजशास्त्र निवडलं.

"मला समजून घ्यायचंय," ती शंतनूला म्हणाली. "करणारे पुष्कळ आहेत."

मल्लेश्वरमच्या एका कॉलेजात प्रवेश मिळाला आणि बाई खरंच रमली. मेट्रोत पुस्तक उघडून बसायची, पेन्सिलीनं खुणा करायची. दुसऱ्या वर्षी प्रबंधाचा विषय घ्यायची वेळ आली तेव्हा तिला लांब जावं लागलं नाही. विषय रोज सकाळी तिच्याच ओट्यापाशी भांडी घासत उभा असायचा.

भागुबाई निपाणीकडची. नवरा बांधकामावर आला, तो वारल्यावर ती इथंच राहिली. मुग्धा राहायची त्या मोठ्या कॉम्प्लेक्समध्ये मराठी घरं मूठभर, आणि त्या सगळ्यांकडे भागुबाईच. तिच्याशी मराठीत बोलता यायचं, भाकरी ती फर्मास थापायची, म्हणून एकानं दुसऱ्याला सुचवत सगळ्यांनी तिला वाटून घेतलं होतं. आमची भागुबाई, असं प्रत्येक घर म्हणायचं. ती सगळ्या बायकांना अक्का म्हणायची.

मुग्धानं रीतसर परवानगी घेतली, प्रश्न काढले, फोनवर रेकॉर्डिंग लावलं. भागुबाईला आधी हसू आलं. मग ती बोलायला लागली आणि थांबेना. एक दिवस मुग्धानं तिच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला, तर ती म्हणाली, "नगं अक्का. घरला गेल्यावर पिईन."

"का गं? एवढ्या उन्हातून आलीस."

"पाणी प्यालं की जावं लागतंय न्हवं. कुठं जायचं? खाली वाचमनचं एक हाय, तितं बायकांनी कसं जायचं? म्हणून सकाळपासनं पाणीच पीत न्हाई मी. सवय झालीया."

"आणि आमच्या घरांमधे?"

"त्या पितळी कड्यांच्या झोपाळ्याच्या घरात तीन संडास घासती मी, अक्का. पण तितं बसायचं म्हंजे..." तिनं फोनकडे बघितलं. "नाव नका लिवू हां माजं."

मुग्धाला ऐकवेना. आणि सांगायलाच हवं, तिला मनातून आनंदही झाला. असं काही हाती लागावं म्हणूनच तर तिनं एम.ए. धरलं होतं. आपल्याही घरात ही बाई इतकी वर्षं तहानलेली राहिली, हे तिच्या जरा उशिरानं ध्यानात आलं. ती घाईघाईनं म्हणाली, "आमचं वापरत जा गं तू. आणि नाव नाही लिहिणार, शब्द देते." त्या दिवशी भागुबाई तो पेला प्याली आणि पुढेही पीत राहिली.

गणपती जवळ आले. कॉम्प्लेक्समधल्या मराठी मंडळाची स्मरणिका पुरुषोत्तमराव काढायचे. मंडळाचे चिटणीस तेच आणि सोसायटीचे सेक्रेटरीही तेच, कारण दोन्हींसाठी दुसरं कुणी पुढे होत नव्हतं. ते मुग्धाला म्हणाले, "आपली सगळी पोरं कॉम्प्युटरच्याच मागे. बी.ए. नंतर काय काय करता येतं, असा एक लेख दे ना. लोकांना ऑप्शन्स कळू देत."

मुग्धानं मन लावून लेख लिहिला. समाजशास्त्रावर आली तेव्हा तिला वाटलं, नुसती व्याख्या काय द्यायची, हे शास्त्र काय दाखवतं ते दाखवावं. म्हणून तिनं पाण्याची गोष्ट घातली. भागुबाईची कमलाबाई केली आणि शब्द पाळल्याच्या समाधानात लेख पाठवून दिला. पितळी कड्यांचा झोपाळा मात्र तिनं तसाच ठेवला, वाक्यात छान बसला होता म्हणून. तसा झोपाळा अख्ख्या कॉम्प्लेक्समध्ये एकाच दिवाणखान्यात होता, खुद्द पुरुषोत्तमरावांच्या. त्यांनी लेख न वाचताच छापायला धाडला. स्मरणिका आरतीनंतर वाटली गेली आणि प्रसाद संपायच्या आत बायकांनी तो परिच्छेद एकमेकींना दाखवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी भागुबाईचा फोन आला. "अक्का, गेटावर सोडिनात मला. मशिनीत माजं नाव येईना म्हणत्यात." सोसायटीच्या ॲपवरचा तिचा प्रवेशाचा पास बंद झाला होता, आणि ते सेक्रेटरीच करू शकत होते. एका घराचा नाही, सगळ्याच घरांचा.

मुग्धा तडक झोपाळ्याच्या घरी गेली. पुरुषोत्तमरावांच्या बायकोचे, संध्याचे, डोळे रडून सुजले होते. "मी कधी तिला नको म्हटलं होतं का गं?" ती म्हणाली. "तिनं विचारलंच नाही कधी. गावजेवणात वाढल्यासारखं मांडलंस तू मला लोकांपुढे." भागुबाईनं मुग्धालाही कधी विचारलं नव्हतं.

पुरुषोत्तमराव आवाज न चढवता बोलले. "एक मेसेज टाक ग्रुपवर. लेखातला प्रसंग काल्पनिक होता, एवढंच. आणि तुझ्या त्या थीसिसमधे हे येता कामा नये. मी लगेच पास सुरू करतो."

"पण ते खरं आहे, काका."

"मग राहू दे खरं."

इथं मुग्धानं मेसेज टाकायला हवा होता. त्याऐवजी ती घरी येऊन विचार करत बसली. काल्पनिक म्हटलं की आजवरचं काम वाया. आणि खरं असताना खोटं का म्हणायचं, हा तत्त्वाचा प्रश्न होता. तिनं कॉलेजात मार्गदर्शक बाईंना विचारलं, मैत्रिणींना विचारलं, शंतनूशी वाद घातला. तो एकदाच म्हणाला, "तू तत्त्व सांभाळतेयस, ते ठीक. पण भागुबाई सध्या काय करतेय?" त्यावर ती चिडली. आठवडा असाच गेला. तिच्या सिंकमध्ये भांडी साठत होती, ती रोज संध्याकाळी घासायची आणि प्रत्येक वेळी तिला वाटायचं, उद्या काहीतरी ठरवू.

विसर्जनाच्या दिवशी मूर्ती गेटापाशी आणली होती, सगळे खाली जमले होते. भागुबाई बाहेर रस्त्यावर उभी होती. ती पुढे आली, मोठ्यानं म्हणाली, "साहेब, म्या असलं काय बी सांगितलं न्हाई. ह्या बाईनं मनानं लिवलंय."

ढोल थांबले होते. सगळ्यांनी मुग्धाकडे बघितलं.

"काय गं मुग्धा?" पुरुषोत्तमरावांनी विचारलं.

भागुबाई तिच्याकडे बघत नव्हती. मुग्धा एक पाऊल पुढे झाली. "हो," ती म्हणाली. "मी मनानंच लिहिलं."

संध्यानं पुढे होऊन भागुबाईच्या हातावर मोदक ठेवला. त्याच संध्याकाळी पास सुरू झाला.

मुग्धाचा प्रबंध शेवटी शहराच्या जुन्या जनगणनेच्या आकड्यांवर झाला, आणि तिला पहिला वर्गही मिळाला. कुणी अभिनंदन केलं की ती विषय बदलते.

भागुबाई सगळ्या घरी परत आली. मुग्धाकडेही आली, वेळेवर, एक खाडा न करता. पहिल्या दिवशी मुग्धा तिच्यामागे ओट्यापाशी जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "भागुबाई, माझं चुकलं. ते काल्पनिक आहे असं मी आधीच सांगायला हवं होतं त्यांना."

भागुबाईनं नळ मोठा केला. "स्वल्प सरीरि, मॅडम," ती कन्नडमध्ये म्हणाली. थोडं सरका.

मॅडम. मुग्धा बाजूला झाली. त्यानंतर भागुबाई त्या घरात कन्नडच बोलते, दुकानात परक्याशी बोलावं तसं, कामापुरतं. मुग्धाला कन्नड येत नाही. दुपारी शेजारच्या दारातून भागुबाईचं निपाणीचं मराठी ऐकू येतं, कुणाला तरी अक्का म्हणून हाक मारणारं, आणि मुग्धा हातातलं काम ठेवून ऐकत राहते.

ती अजून रोज ओट्यावर पाण्याचा पेला भरून ठेवते.

"बेडा," भागुबाई म्हणते. नको. आणि शेवटचं भांडं घासून झालं की तो भरलेला पेलाही सिंकमध्ये ओतते, घासते आणि पालथा घालून जाते.