नकाशावरची खूण

चूक माझी होती, आणि तेंदूपत्त्याचा वास आला की ती अजून टोचते. खासगी शाळांतल्या पहिलीच्या मोफत जागांसाठी गरीब मुलांचे अर्ज आम्ही काही पालक आणि कार्यकर्ते कुडव्याच्या समाजमंदिरात बसून भरत होतो. बिड्या वळणं सोडून आलेली एक आई माझ्यासमोर बसली. तिच्या बोटांना तोच वास होता. "आमालेबी शाळा निवडाले भेटलं पाहिजे ना जी भाऊ," ती हसून म्हणाली. ऑनलाइन अर्जातल्या नकाशावर तिच्या घरावर खूण करायची होती. ती आपोआप आम्ही बसलो होतो तिथे पडली होती; घाईत मी ती समाजमंदिरावरच राहू दिली. सोडतीत तिच्या मुलीचं नाव निघालं, पण तपासणीत घराचं ठिकाण जुळलं नाही आणि प्रवेश रद्द झाला. "काऊन कटलं जी नाव?" तिनं विचारलं. "तुम्ही पत्ता चुकीचा सांगितला," मी म्हणालो. "मलेच सांगता नसन आलं," म्हणत ती निघून गेली. बाकीचे पालक पेढे वाटत होते. मी कोपऱ्यात एकटाच बसलो, आणि पुढे तिथे जाणंच सोडलं. ती मुलगी आता आठवीत आहे. मागच्या आठवड्यात मी तिच्या आईच्या दारात उभा राहिलो आणि म्हणालो, "ताई, पत्ता तुम्ही बरोबरच सांगितला होता. खूण मी चुकवली, आणि वर खोटं बोललो. मला माफ करा."