खोबरेल तेलाचे शॉकअप

ती शर्यत मी हरले. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या घरात अजूनही कुणी ना कुणी त्याची आठवण काढतंच, आणि दुसऱ्याच्या तोंडून ऐकण्यापेक्षा मला ते स्वतः सांगितलेलं बरं वाटतं. हरले, पण मान खाली घालून घरी आले नाही.

गोष्ट ऐंशीच्या दशकाच्या मध्यातली. मामा मस्कतला नोकरीला होते. एका दिवाळीत ते दादासाठी भला मोठा खोका घेऊन आले. दादा इंजिनिअरिंगला होता, आमच्या अख्ख्या कॉलनीतला पहिला, त्यामुळे जगातली प्रत्येक यांत्रिक वस्तू त्याच्याच मालकीची असं सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. खोक्यावर चित्र होतं, दगडधोंड्यांतून धूळ उडवत झेपावणारी उघडी बग्गी आणि शेजारी लांब एरियलचा रिमोट. आत गाडी नव्हतीच. आत होत्या पिशव्या. पिशव्यांत स्क्रू, स्प्रिंगा, दातेरी चाकं, रबराचे काटेरी टायर आणि नावं माहीत नसलेले शेकडो तुकडे. दादानं दोन पिशव्या उघडल्या, परत बंद केल्या, "सुट्टीत बघतो," म्हणाला आणि खोका कपाटावर गेला. उन्हाळ्याची सुट्टी आली नि गेली, खोका तिथंच.

मी तेव्हा बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होते. पॉलिटेक्निकला जाते म्हणाले होते, तर "पोरीच्या जातीला कशाला लोखंड?" असं उत्तर मिळालं होतं. उत्तर देणारे वडील स्वतः सातपूरच्या एका कारखान्यात टर्नर. लोखंडावर आमचं घर चालत होतं, पण मी त्याला हात लावायचा नाही. त्याचा राग माझ्या मनात होता, आणि तो काही शांत, समजूतदार राग नव्हता. मी भांडी आपटत असे.

पावसाळ्यात एके दिवशी मी खोका खाली काढला. कुणाला विचारलं नाही, कारण उत्तर काय येणार ते ठाऊक होतं. सोबतची पुस्तिका जपानी, मधूनमधून इंग्रजी, पण चित्रं इतकी स्वच्छ होती की भाषा लागलीच नाही. प्रत्येक मापाचा स्क्रू वेगळा ठेवायला हवा म्हणून मी स्वयंपाकघरातल्या सगळ्या वाट्या माजघरात आणल्या.

"आमटी कशात वाढू आता? ओंजळीत?" आई म्हणाली.

"चार दिवस थांब."

चार दिवसांचे सहा आठवडे झाले. गिअरबॉक्स मी तीनदा उघडला. पहिल्यांदा गाडी पुढे म्हटलं की मागे जायची. दुसऱ्यांदा जागची हलायची नाही, नुसती कण्हायची. तिसऱ्यांदा दाते बरोबर बसले आणि चाक हातानं फिरवल्यावर गिअरबॉक्समधून असा बारीक, सलग आवाज आला की मी एकटीच हसत बसले. त्या आवाजाचा आनंद मी कुणाला सांगू शकले नाही. सांगितला असता तर "वेडी झाली" म्हणाले असते.

एकच गोष्ट कमी होती. चारही चाकांना छोटे शॉकअप होते, स्कूटरला असतात तसेच, करंगळीएवढे. त्यांत तेल भरायचं असतं. तेलाची पुडी वाटेतच फुटली होती आणि पुस्तिकेचं शेवटचं पान ते तेल पिऊन तट्ट झालं होतं. मशीनचं तेल घालून पाहिलं, ते फार पातळ, गाडी टुणटुण उडायची. मग माझी नजर फडताळातल्या खोबरेल तेलाच्या बाटलीवर गेली. ते बेताचं दाट. भरलं, टोपणं घट्ट केली, गाडी हातभर उंचीवरून सोडली. ती अलगद बसली आणि तशीच राहिली. माझ्यासारखी हुशार मुलगी नाशकात दुसरी नाही, असं मला त्या दिवशी मनापासून वाटलं.

गाडीच्या बॅटरीचा चार्जर मोटारीच्या बॅटरीवर चालणारा होता आणि आमच्याकडे मोटार कुठली? कॉलनीतल्या लाऊडस्पीकरवाल्या काकांकडे तसली बॅटरी असायची. चौदा एप्रिलच्या जयंतीला आणि लग्नांना ती कर्ण्यांसाठी लागे, बाकीचे दिवस माझ्या गाडीसाठी. दुपारी कॉलेजातून आले की चार्ज करायची आणि गल्लीच्या टोकाच्या मातीत पळवायची. दिवाळीपर्यंत माझा हात बसला.

पण मातीनं चाकांतले बुश, म्हणजे आसावर बसणाऱ्या प्लास्टिकच्या छोट्या नळ्या, झिजले. चाकं डुगडुगायला लागली. मी वडिलांच्या पिशवीतला बारीक मापं घ्यायचा व्हर्नियर काढला, आतलं माप, बाहेरचं माप, लांबी, सगळं घेतलं, वहीच्या पानावर रेखाटन केलं आणि त्यांच्या जेवणाच्या डब्याखाली ठेवलं.  संध्याकाळी त्यांनी पान परत आणलं.

"हे माप कोणी घेतलं?"

"मी."

"दादानं नाय?"

"दादाला व्हर्नियर कुठं ठेवलाय तेही माहीत नाही."

त्यांनी पान घडी घालून खिशात ठेवलं. सुटीच्या दिवशी ओळखीच्या एका वर्कशॉपमध्ये गेले आणि येताना कागदात गुंडाळून आठ गनमेटलचे बुश घेऊन आले. पिवळे, गुळगुळीत, आपोआप जागेवर बसणारे. "माप बराबर व्हतं," एवढंच म्हणाले. मला ते पॉलिटेक्निकच्या प्रवेशापेक्षा कमी वाटलं नाही, पण प्रवेश तो प्रवेशच, हेही मी विसरले नाही.

आता दादाच्या मित्राबद्दल सांगायला हवं. तो गंगापूर रोडला राहायचा, रोज सकाळी दादाला स्कूटरवरून कॉलेजला न्यायचा, संध्याकाळी सोडायचा. दादाला ते उपकार वाटत. हा स्कूटरवाला तीन वर्षांत एकदाही आमच्या उंबऱ्याच्या आत आला नव्हता. फाटकाशी उभा राहायचा, इंजिन चालूच ठेवायचा. आई प्रत्येक वेळी दोन कप चहा करायची, आणि प्रत्येक वेळी त्याला घाई असायची. कधी घाई, कधी ॲसिडिटी, कधी आत्ताच घेतला. आमची कॉलनी बौद्धांची आहे हे त्याला माहीत होतं आणि ॲसिडिटी कसली ते आम्हाला. दादा दोन्ही कप स्वतः प्यायचा आणि म्हणायचा, "तसा चांगला आहे गं तो."

डिसेंबरात एकदा त्यांचं कॉलेज लवकर सुटलं आणि भर दुपारी त्यानं फाटकाशी माझी गाडी पळताना पाहिली. स्कूटर पहिल्यांदाच बंद केली.

"कुणी जोडली रे?"

"मी," दादा म्हणाला.

रिमोट माझ्या हातात होता. मी तिथंच उभी होते, पाच फुटांवर. दादानं माझ्याकडे न बघता सांगितलं, "जा, चहा सांग."

"चहा तू सांग," मी म्हणाले. "गाडी मी जोडलीय. गिअरबॉक्समध्ये किती चाकं आहेत, विचारा याला."

दादा लाल झाला. स्कूटरवाला हसला. त्याच्याकडेही दुबईहून आलेली तसलीच गाडी होती, मात्र तयार, जोडलेली. म्हणाला, "मग हिच्याशीच लावू पैज. मी जिंकलो तर मामांनी आणलेली गाडी माझी. ही जिंकली तर माझी हिची."

दादा नको म्हणत होता. मी हो म्हणाले. गाडी कागदोपत्री दादाची, जोडणारी मी, आणि घेऊन जाईन म्हणणार हा, आमच्या घरातलं पाणी न चालणारा? त्याला हरवल्याशिवाय ते मला सोसणारच नव्हतं.

जानेवारीतला रविवार ठरला, सकाळी सात. नऊला त्याची क्रिकेटची मॅच होती. जागा लेण्यांच्या डोंगराच्या पायथ्याचं माळरान. स्कूटरवाला आणि त्याचे मित्र त्यांना पांडवलेणी म्हणत होते, आम्ही बुद्धलेणी म्हणतो. मनात म्हटलं, जागा तर आपलीच आहे.

थंडी अशी होती की बोलताना वाफ निघत होती. दादाच्या वर्गातली दहाबारा मुलं मफलर गुंडाळून आली होती. वडील सायकल घेऊन लांब उभे होते. येणार आहेत हे मला सांगितलं नव्हतं. एका बाभळीपासून मोठ्या दगडाला वळसा घालून परत, असे तीन फेरे.

सुटल्याबरोबर मी पुढे गेले. पहिला उंचवटा आला आणि माझी गाडी चेंडूसारखी उडून पाठीवर पडली. धावत जाऊन सरळ केली. पुढच्या खड्ड्याशी परत तेच. शॉकअप जणू नव्हतेच, चारही पाय काठीसारखे ताठ. तिसऱ्यांदा उलटली तेव्हा त्याची गाडी तिन्ही फेरे संपवून बाभळीपाशी उभी होती आणि कुणीतरी मागून म्हणत होतं, "पोरींच्या हातात गाडी दिली की असंच."

 मी तिथंच मातीत बसून एका शॉकअपचं टोपण काढलं. आत पांढराशुभ्र, घट्ट गोळा.

वडील जवळ आले, वाकून पाहिलं. "खोबरेल घातलंस?"

"हो."

"एवढी मापं घेतली तू. थंडीचं माप तेवढं राह्यलं."

थंडीत आमच्या घरातली खोबरेलाची बाटली रोज सकाळी उन्हात ठेवायला कोण नेत असे? मी. स्वतःच्या हातानं. ती गोठते हे नाशकातल्या शेंबड्या पोरालाही कळतं. पण मी गाडी पळवायचे ती नेहमी दुपारी, तापल्या मातीत, आणि बाटलीतलं तेल आणि गाडीतलं तेल एकच आहे हे माझ्या डोक्यात आलंच नाही. मला स्वतःचा इतका संताप आला की रडूही आलं नाही.

"गाडी?" स्कूटरवाल्यानं हात पुढे केला.

"संध्याकाळी या," मी म्हणाले. "मामांनी आणली होती तशीच मिळेल."

घरी येऊन मी सगळ्या वाट्या मांडल्या आणि गाडी सोडायला घेतली. एक एक स्क्रू. गिअरबॉक्स उघडला, शॉकअप रिकामे करून पुसले, गनमेटलचे बुश काढून कुंकवाच्या जुन्या डबीत ठेवले आणि झिजलेले प्लास्टिकचे परत पिशवीत. दादा म्हणाला, "हे बरं दिसत नाही." वडील माझ्यासमोर बसले आणि स्क्रू मापांप्रमाणे वाट्यांत टाकू लागले. मग दादा बाहेर निघून गेला.

संध्याकाळी मी फाटकाशी खोका दिला. त्यानं झाकण उघडून पाहिलं.

"हे काय? जोडलेली होती ना?"

"मामांनी आणलं ते सगळं यात आहे, मोजून घ्या. जोडणं माझं होतं. ते मी पैजेवर लावलं नव्हतं."

त्या दिवसापासून दादाला कॉलेजला जायला एस.टी. स्टँडपर्यंत चालत जावं लागलं. आठवडाभर तो माझ्याशी बोलला नाही. मला वाईट वाटलं, पण पस्तावा झाला नाही.

जयंतीची कमान उभी राहत होती तेव्हा, ऐन उन्हात, स्कूटर परत फाटकाशी आली. इंजिन बंद. मागच्या सीटवर खोका, दोरीनं बांधलेला. तीन महिने त्यानं काय केलं असेल ते पिशव्या बघूनच कळत होतं. सगळे स्क्रू एकात.

"जोडून देशील?" त्यानं दादाला नाही, मला विचारलं.

"देईन. पण गाडी इथंच जोडायची, घरात. आणि तुम्ही समोर बसायचं. स्क्रू तुम्ही कालवलेत, निवडायचेही तुम्हीच."

तो उंबऱ्याशी क्षणभर थांबला.  मग त्यानं चपला काढल्या आणि आत आला. माजघरात, भिंतीवरच्या निळ्या कोटातल्या फोटोखाली, फरशीवर मांडी घालून बसला. मी त्याच्यापुढे रिकाम्या वाट्या ठेवल्या. आमच्या रोजच्या, आमटीच्या.

आईनं नेहमीप्रमाणे दोन कप चहा आणला. एक दादाजवळ ठेवला, एक त्याच्याजवळ. तो स्क्रू निवडत राहिला. चहावर साय धरायला लागली. दादा सवयीनं दुसऱ्या कपाकडे बघू लागला.

मी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. "चहा गार होतोय. तो संपला की गिअरबॉक्स उघडू."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. गाडीसाठी की लाजेनं, मला ठाऊक नाही, आणि विचारायची गरजही वाटली नाही. त्यानं कप उचलला आणि तळापर्यंत प्यायला.

मी गिअरबॉक्स पुढे ओढला. या वेळी शॉकअपमध्ये एरंडेल घातलं. ते थंडीत गोठत नाही, वडिलांनी सुचवलं होतं. गनमेटलचे बुश मात्र डबीतच राहिले, ते आजही माझ्याकडे आहेत. गाडी तो घेऊन गेला. नेऊ दे. त्या दिवशी दादाला एकच कप चहा मिळाला.