पुढची सीट

माझा शाळेचा जुना नकाशा उघडला की अजून डिझेलचा वास येतो. वडील कर्जत ते नगर जीप चालवायचे. पुढची सीट कायम प्रवाशांची, आई मागे. एका उन्हाळ्यात त्यांनी नकाशावर दोरा धरून दीव बेटापर्यंतचा रस्ता मोजला. “तिथं लई पक्षी असत्यात. फकस्त आपणच जायचं. तू म्होरं बसायचं,” ते आईला म्हणाले. “पाखरं काय, हरणं बी हायेत की आपल्या माळावर,” आई हसली, पण त्या सीटला तिनं नवं कव्हर शिवलं. निघायच्या आठवड्यात तिला त्याच जीपमध्ये मागे निजवून नगरच्या दवाखान्यात न्यावं लागलं. ती वाचली नाही. परवा मी गाडी घेतली. वडिलांसाठी पुढचं दार उघडलं, तर ते मागे जाऊन बसले.