ब्रेक कुणाच्या हाताचा

ऐंशीच्या दशकात आम्ही बोरगाव मेघेला राहत होतो आणि मला सावंगीच्या पुढल्या एका खेड्यात शिक्षिकेची नोकरी लागली होती. बाबांनी हौसेनं नवीकोरी लेडीज सायकल घेऊन दिली, वायरच्या ब्रेकची. पण वाटेत नाल्याचा उतार लागायचा आणि तिथे मी ब्रेकऐवजी चपला घासत सायकल थांबवायची. आई म्हणायची, "ब्रेकचं काम चपलांले कोनं सांगतलं तुह्या?"

बाबांनी एकदा हा तमाशा पाहिला आणि फर्मान काढलं, "तू भेते. सोमवारपासून मीच तुले कॅरिअरवर बसवून सोडत जाईन."

माझा तिळपापड झाला. ज्या पोरांना मी डोळे वटारून पाढे म्हणायला लावते, त्यांच्यासमोर बापाच्या मागून उतरायचं? त्यापेक्षा नोकरी सोडलेली बरी. आणि मी भीत नव्हतेच मुळी. ब्रेकपर्यंत माझी बोटं पोचत नव्हती, ताणली की मनगटात कळ यायची. तसं सांगितलं तर बाबा म्हणाले, "ब्रेक त बराबर हाये. मी सोता दाबून पाह्यला."

इथेच तर गोम होती. पोरीबाळींनी सायकलच्या दुकानात उभं राहायची रीत नव्हती, म्हणून सायकल कायम बाबाच न्यायचे. मिस्त्री बाजूला उभा राहून ब्रेक दाबायचा, मग बाबा दाबायचे, दोघेही खूश. चालवणारीचा हात केवढा, हे कुणी विचारलंच नाही.

शनिवारी शाळा सुटल्यावर मी तडक दुकानात गेले. मिस्त्रीनं सवयीनं ब्रेककडे हात नेला. मी म्हटलं, "तुमी नका दाबू. मी सीटवर बसतो, तुमी पाहा."

तो जरा बावचळला. मग वाकून माझ्या बोटांकडे बघत म्हणाला, "बाई, हे त लय वर टांगलं हो." त्यानं स्क्रू ढिले केले, दोन्ही ब्रेक खाली वळवले, मुठींकडे थोडे सरकवले. आता मनगट सरळ ठेवूनही दोन-दोन बोटं आपोआप त्यांच्यावर पडत होती. मला इतका आनंद झाला की मी तिथेच बसून उगाच पाच-सहा वेळा दाबून पाहिले.

रविवारी बाबांना म्हटलं, चला, दाखवते. ते उताराच्या खाली गेले आणि रस्त्याच्या मधोमध उभे राहिले. "इथं थांबजो. माह्यासमोर."

मी वरून निघाले. बाजूला व्हा म्हणून ओरडले, पण ते हलायला तयार नाहीत. मी दोन्ही ब्रेक दाबले. सायकल गुमान थांबली, त्यांच्या धोतरापासून वीतभर अंतरावर.

"लागलं असतं म्हंजे? सरकले काऊन नाई?" मी चिडूनच विचारलं.

पाहते तर बाबांनी डोळे घट्ट मिटून घेतलेले.

"थांबली का?" त्यांनी हळूच विचारलं.

माझा सगळा राग गेला आणि रडूच आलं. "थांबली, बाबा."

"मंग उद्या एकटीच जाजो," ते म्हणाले, आणि मग डोळे उघडले.