नातीच्या नावाची डबी

भास्कर साळवे गेल्याचा फोन आला, तेव्हा वडीगोद्रीच्या हॉटेलात मी त्याचीच टिंगल करून राह्यलो होतो. "अंबडच्या त्याच्या लॅबात दुर्बिणीखाली हत्ती ठेवा, भास्कर म्हणंल, काही दिसत न्हाई." पोरं खिदळली आणि खिशात फोन वाजला...

शाळेपासूनचा दोस्त. ही टिंगल मी दोन वर्षांत हजार वेळा केली असेल. माझे हजार म्हणजे निम्मे धरा, तरी पुष्कळ झाले.

खरं असं होतं. माझी तीन वर्षांची नात परी पांढरीफटक पडली होती, भिंतीची माती खायची. डॉक्टरांनी संडास तपासायला सांगितली. सकाळी एसटीची वेळ झाली तरी पोरगी बसेना. मंग सुपारी चघळत गावभर अक्कल वाटत फिरणारा मी डबी घेऊन स्वतःच संडासला जाऊन आलो. एकाच चुलीवरचं खातो, जंत काय वेगळे असणार... आणि डबीवर नाव घातलं परीचं. भास्करच्या लॅबातून रिपोर्ट आला, जंत नाहीत. डॉक्टरांनी नुसतं टॉनिक दिलं. महिन्याभरात परीला उभं राहवेना, आणि मी लॅबला नावं ठेवत सुटलो.

ते भास्करच्या कानावर गेलं. एका रविवारी तो गाडीवरून घरी आला, दुपारपर्यंत अंगणात परीशी भातुकली खेळत बसला आणि नमुना स्वतः घेऊन गेला. अंकुशकृमीची, म्हणजे रक्त पिणाऱ्या जंतांची, अंडीच अंडी निघाली. औषधानं पोरगी उठली.

"नान्या, आधीचा नमुना कुणाचा होता?" त्यानं विचारलं.

"तिचाच की."

"त्यात सुपारीचे कण होते. मला वाटलं, तुझ्या हातचं चाखलं असंल. कधीपासून चारून राह्यलास तिला?"

मी हसलो. तोही हसला. पुढं कुणाला बोलला न्हाई. मी मात्र ती हत्तीची टिंगल सांगतच राहिलो, आणि लोक लेकरांचे नमुने थेट जालन्याला न्यायला लागले.

परवा लॅबात गेलो. आता त्याची मुलगी बसते. समोर एक म्हातारे गृहस्थ नातवाचा नमुना घेऊन उभे होते. "बाबा, लेकराचाच हाय ना?" तिनं विचारलं. "बदलला असंल तर सांगा, मी रागवणार न्हाई." मंग माझ्याकडं वळून म्हणाली, "पप्पा सगळ्यांना असंच विचारायचे, काका. का, ते कधी सांगितलं न्हाई."

पेपर तिच्या टेबलावर रोज येतो, एवढं पाहून आलो, आणि तिला तोंडानं न सांगितलेलं हे सगळं त्याच पेपरात छापायला धाडलं.